न चाखता केलेलं सूप

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर आमच्याकडे डबा येत होता. मुलांनो, तो तुमच्या आत्याने, म्हणजे माझ्या लेकीने, लावला होता. ती सिल्व्हर पार्कला राहते, आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. महिना संपला, डॉक्टरांनी डोळा उत्तम असल्याचं सांगितलं, तरी डबा येतच राहिला. "आई, पन्नास वर्षं केलंस ना, आता बस झालं," असं ती इतक्या मायेने म्हणायची की भांडताही येत नसे. पण माझ्याच ओट्यावर दुसऱ्याच्या हातची आमटी गरम करताना मला या घरात पाहुणी आल्यासारखं वाटायचं.

शेवटी मी पैज लावली. दर रविवारी आत्या आमच्याकडे जेवायला येते आणि बाहेरून नूडल्स मागवते. मी म्हटलं, "या रविवारी मागवू नकोस. सूप नूडल्स मी करते, सोबत घरचा दुधातला पाव. जमलं तर डबा बंद."

"आणि नाही जमलं तर?"

"तर डब्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

पावाची मला काळजी नव्हती. ओव्हन घेतला तेव्हापासून मी मैदा, लोणी, साखर सगळं काट्यावर तोलून घेते, दूध कोमट आहे का ते करंगळीने बघते, आणि पीठ दुप्पट फुगल्याशिवाय ओव्हनला हात लावत नाही. भट्टीत गेलेला पाव मध्येच सुधारता येत नाही, म्हणून आधीचं माप चोख हवं. सूप मात्र मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. त्यात घालायची चिनी पालेभाजी आमच्या भाजीवाल्याकडे मागितली, तर तो म्हणाला, "आंटी, वो बडे मॉलवाला पत्ता है. पालक ले लो, अंदर जाके सब सेम दिखता है." मी पालक घेतला.

पाव सुरेख झाला. आजोबांनी सूप यायच्या आधीच दोन संपवले. मग आत्याने सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

"आई, मीठ किती घातलंस?"

"नेहमीएवढंच."

"अगं, खारट आहे म्हणजे किती! भाईंदरच्या मिठागरातून आणलंस का?"

आजोबांनी आपल्या वाडग्यात गरम पाणी ओतलं. मी हसले असते, पण आत्याने माझा हात हातात घेतला. "वयाने चव कळेनाशी होते गं. होतं असं." ते मला खारट सुपापेक्षा जास्त लागलं.

ती गेल्यावर मी वही काढली आणि सुपात घातलेला एकेक जिन्नस क्रमाने लिहिला. सोया सॉस, तीन मोठे चमचे. मग बाटली उघडून थेंबभर सॉस जिभेवर ठेवला. नुसतं मीठ! त्यावर मी आमटीच्या अंदाजाने पुन्हा मीठ घातलं होतं. म्हणजे जीभ शाबूत होती. मी तिला विचारलंच नव्हतं.

का विचारलं नव्हतं, तेही सांगते. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नाही. तेव्हापासून मी बोटांच्या अंदाजाने मीठ घालते आणि पानावर बसल्यावरच चव घेते. आमटी-भाजी माझ्या ओळखीची, तिथे कधी चुकलं नाही. सूप परकं होतं.

"मग आता देवाच्या आधी तू चाखणार?" आजोबांनी चिडवलं.

"आपण देवाला नूडल्सचा नैवेद्य कधी दाखवलाय?"

त्यांनी खरोखर विचार केला. "नाही बुवा."

पुढच्या शनिवारी मी आत्याला फोन केला. "उद्या काही मागवू नकोस."

"आई, परत? तू कबूल केलं होतंस."

"डब्याचा विषय मी काढलेला नाही. जेवायला बोलावतेय."

रविवारी आधी पाव भाजले, वरण-भात केला आणि नैवेद्य दाखवला. मग मोकळ्या मनाने मोठं पातेलं चढवलं. आलं, लसूण, मशरूम, पातीचा कांदा. सोया सॉस एकच चमचा, मीठ अजिबात नाही. पहिल्यांदा चाखताना मी चक्क मागे वळून पाहिलं. फिकं होतं. अर्धा चमचा सॉस. मग जरा व्हिनेगर, चिमूटभर साखर. दर वेळी चव थोडी पुढे सरकत होती आणि मला ते कळत होतं! सहाव्या चमच्याला सूप असं जमलं की मी गॅस बंद करून एकटीच हसले.

आत्याने भराभर सगळ्या नूडल्स संपवल्या. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला, तळाशी राहिलेलंही पावाने पुसून घेतलं आणि वाडगा माझ्यापुढे धरला.

"अजून आहे?"

मी वाढलं.

"बरं बाई, हरले. उद्या डबेवाल्या काकूंना फोन करते."

"मी केला. मघाशी तू जेवायला बसायच्या आधी हात धुवायला गेली होतीस तेव्हा."

"म्हणजे मी खायच्या आधीच? आणि मला आवडलं नसतं तर?"

"चाखून बघितलं होतं," मी म्हटलं.