बायकोचं बाळसं

लग्नानंतर चारेक वर्षांनी बायकोच्या काळजातली एक झडप आखडल्याचं कळलं. मुंबईला तेव्हा नुकत्याच अशा शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. बारामतीचे आमचे डॉक्टर म्हणाले, "फार खंगल्यात. जरा अंग भरू दे, मग मुंबईला चिठ्ठी देतो."

झालं! माझी आई आणि इंदापूरची सासू यांच्यात चढाओढ लागली. आईनं महिनाभर खाऊ घातलं. काटा हलला नाही. मग सासू लेकीला माहेरी घेऊन गेली. तोंडाला चव नाही म्हणून घासाघासाला लोणचं, पापड, खारातली मिरची. परत आल्यावर मी तिला आमच्या अडतीतल्या गुळाच्या काट्यावर उभं केलं. वजन चांगलंच वाढलेलं!

"बाळसं धरलंय की वैनींनी!" हमाल म्हणाला.

आईचं तोंड उतरलं. "माझ्याच हाताला चव न्हाय म्हनायची."

मी मिरवतच तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो तसाच राहिला.

"हे मांस नाही, पाणी आहे. मिठानं साठलंय. सूज कधीपासून?"

मला काय ठाऊक? थोरांसमोर बायकोशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. खरं सांगायचं तर रीतीचं निमित्त करून मी विचारायचंच टाळत होतो. उत्तराची भीती वाटायची. आज ती आत भांडी आपटतेय, म्हणून हे लिहायचा धीर होतोय.

"ह्यास्नी काय इचारता," बायको हसली. "जोडवी रुतली म्हनून काढून ठिवली, तवा बी कळलं न्हाय."

मीठ बंद झालं, इंजेक्शनं सुरू झाली. रोज सकाळी आईदेखत मी नडगी दाबून बघायचो. आई भिंतीकडं तोंड करून बसायची.

"आवो, भाकरी हाय व्हय, भाजली का बघायला?" बायको म्हणायची.

वजन उतरत गेलं. एका सकाळी खळगा पडेना. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, मुंबईच्या इस्पितळानं तिला दाखल करून घेतलं.

शस्त्रक्रियेसाठी आत नेताना आई, सासू सगळे उभे होते. मी सवयीनं तोंड फिरवलं.

"आवो, हिकडं बघा की!" ती ओरडली.

बघितलं. सगळ्यांदेखत, दार लागेपर्यंत.