अंगणातल्या पाइपाचं बूच

कॅनबेरात सकाळचं तापमान उणे चार, आणि हा म्हातारा प्लंबर चक्क हाफपँटमध्ये! अंगणातलं पाणी वाहून नेणारा आमचा पाइप थंडीने फुटला होता. पुढच्या पावसात गॅरेजात तळं साचणार होतं. त्याने पाइपवर टिचकी मारली, कान लावला.

"टोकाला बूच कोणी ठोकलं?"

"मीच." पुण्यात दिवसातून एकदाच येणाऱ्या पाण्यावर वाढलेला माणूस मी, पावसाचं पाणी झाडांसाठी अडवून ठेवलं होतं. त्याचाच बर्फ झाला.

तो खो खो हसला. "मेट, मित्रा, हिवाळ्यात पाइप रिकामाच बरा. काही गोष्टी जाऊ द्यायच्या असतात." नवा पाइप बसवून त्याने बूच माझ्या हातावर ठेवलं. "हे कचऱ्यात टाक."

आता दर हिवाळ्यात मी पाइप रिकामा ठेवतो. बूच ड्रॉवरमध्ये आहे. लागलंच कधी तर?