इंग्रजीचा तास आणि खव्याची कढई

वार शनिवार, महिना मार्गशीर्ष, वेळ दिवेलागणीच्या जरा आधीची. हजर: मी, आमचे हे, मुलगी प्राजू, सासरे आप्पा आणि भट्टीवर कढईभर दूध. यांपैकी नेमून दिलेलं काम फक्त दुधाने केलं. त्याला आटायचं होतं, ते आटलं.

आमच्या ईट गावात पुष्कळ घरांत खव्याची भट्टी असते, तशी आमचीही आहे. पण प्राजूला हवी होती पुण्यातल्या एका हॉटेलात रिसेप्शनची नोकरी. मुलाखत सोमवारी, फोनवर, इंग्रजीतून! पोरीला व्याकरण तोंडपाठ. पण बोलायची वेळ आली की 'ए' लावू की 'द' या विचारात तोंडच उघडत नव्हती.

मी यादी करून कामं उरकणारी बाई. भिंतीवर नियम चिकटवले. एक: संध्याकाळी घरात फक्त इंग्रजी. दोन: काळ, वचन, क्रियापद मनात तपासून मगच बोलायचं. तीन: जो आधी मराठी बोलेल, त्याने खव्याची कढई घासायची. (आमची कढई बाहेरून घासून भागत नाही, आत उतरावं लागतं!)

"मला बी?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हालाही, आप्पा. शिस्त म्हणजे शिस्त."

"मग म्या मुकाच बसतो की!"

"आन् फाटकाच्या बाहेर?" ह्यांनी लगेच पळवाट शोधली.

"बाहेर काय बोलायचं ते बोला."

तास सुरू झाला आणि घर असं चिडीचूप झालं की शेजारीण डोकावून विचारून गेली, "कुणाचं काय बरंवाईट झालं का काय?" आम्ही चौघांनी नुसत्या माना हलवल्या. ती जास्तच घाबरली.

हे भट्टीवर उलथणं फिरवत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "वन मिनिट, प्लीज!" म्हणत त्यांनी उलथणं आप्पांच्या हातात दिलं आणि थेट फाटकाबाहेर. तिथं तुंबलेलं मराठी असं सुटलं की परतायचं नाव नाही! इकडे आप्पांचे हात भरून आले आणि खवा बुडाला लागू लागला.

मी ओट्यावर प्राजूला 'द' कुठं लावायचा ते समजावत होते. आप्पांनी उलथणं कढईवर ठणठण आपटलं.

"आप्पा, सायलेन्स प्लीज!"

त्यांनी कढईकडे बोट दाखवलं. मला वाटलं, म्हातारपणी शब्द शिकतायत. मला भरून आलं!

"यस, यस. कढई. व्हेरी गुड!"

आप्पांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग उलथणं खाली ठेवलं, वहाणा घातल्या, काठी घेतली. सावकाश अंगण ओलांडलं. कडी काढली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं, मागं वळले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "सूनबाई, खवा लागला गं! लई येळ झाला सांगाया बघतोय!"

"अगं आई गं! प्राजू, लाकडं ओढ! पाणी आण! मेला माझा खवा!" मी भर अंगणात नाचत होते. धूर घरभर. आणि त्या धुरात प्राजूचा फोन वाजला. पुण्याच्या मॅडम! सोमवारी त्यांना सवड नव्हती, म्हणून मुलाखत आत्ताच.

प्राजू एका हाताने जळतं लाकूड ओढत फोनवर ओरडली, "नो मॅडम, नॉट फायर! ओन्ली खवा! ग्रँडफादर सी, बट नॉट टेल! फर्स्ट गो गेट, देन टेल! मदर मेक रूल! नाऊ मदर शाउटिंग!"

एकही 'द' नाही! क्रियापदांचा नुसता चुरा! मी समोर उभी राहून खुणेने "वॉज, वॉज" करत होते. तिने मला लाकूड दाखवलं. मी बाजूला झाले.

फोनमधून हसू ऐकू आलं. मग चक्क मराठी: "अगं, बाकीच्या मुलींनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. तू धुरात उभी राहून सगळं सांगितलंस. पाहुणे चिडले, गोंधळ झाला, तर तिथं बोलणारी मुलगी लागते मला. एक तारखेला ये. आणि आईला म्हणावं, नियम जरा कमी करा."

प्राजूने आनंदाने उडी मारली. फाटकाबाहेरून आप्पांचा आवाज आला, "आता मराठी चालंल व्हय?"

"चालेल, या आत."

"मग कढईचं ठरवा. म्या तर भाईर होतो."

"मी बी भाईरच," हे म्हणाले.

"आय स्पीक ओन्ली इंग्लिश, मदर," प्राजू म्हणाली.

प्राजू पुण्याला गेली त्याला आता बरेच दिवस झाले. माझ्या यादीतलं बॅग भरणं झालं, तुळजापूरचं दर्शन झालं, गावात पेढे वाटून झाले. (भट्टी घरची, पेढे विकतचे!) कढई मात्र न्हाणीजवळ अजून भिजत पडली आहे. तिच्याजवळून जाताना आप्पा रोज तिच्यावर काठीने एकदा ठण् करतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "यस, यस. कढई. व्हेरी गुड!"