कोपरावरचं रफू

रफूमामांनी चाळीस वर्षं मान खाली घालून काढली, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! "एवढी वर्षं मान खाली घालून राहिलेला नवरा शोधून तरी दाखव," असं ते मामींना ऐकवायचे. लॉन्ड्रीशेजारच्या जिन्याखाली त्यांचं दुकान. आत एक खुर्ची, एक दिवा, सुयांचा डबा आणि काउंटरपाशी मामी. बाहेरचा दोरा वापरायचा नाही, हा मामांचा हट्ट. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे आणि एकेक उभा-आडवा विणत भोक भरायचं. असे धागे मोजकेच निघतात, त्यामुळे चुकायची सोय नाही.

मानेपासून दंडापर्यंत कळा यायला लागल्या, तेव्हा मामांनी बाम चोळला. मग उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं. त्यावर हा माणूस चक्क खूश! "सुई टोचली तरी कळत नाही आता. चाळीस वर्षांनी कातडी तयार झाली बघ." बोटात घालायची टोपीसुद्धा त्यांनी खणात टाकून दिली. एका पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा मामींनी कपाळावर हात मारला आणि मुलीला फोन केला.

मुलीने रजा काढून बाबांना अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं; मामीही बरोबर गेल्या. मानेचा फोटो दिव्यासमोर धरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मानेतली गादी सरकलीय, नस दाबली जातेय. याच आठवड्यात ऑपरेशन करू. जितका उशीर कराल, तितकी बोटं पूर्ववत होणं कठीण."

"याच आठवड्यात कसं जमेल?" मामा म्हणाले. "कोट उसवलेला आहे."

डॉक्टरीणबाईंना काही कळेना. मामींना मात्र सगळं कळलं. कोट गल्लीतल्या मास्तरीणबाईंच्या नवऱ्याचा होता. नवरा जाऊन महिना झाला होता, आणि कपाटातून काढताना खिळ्याला अडकून तो त्यांच्याच हातून कोपरावर फाटला होता. दुकानात येऊन बाई ओक्साबोक्शी रडल्या होत्या. मामांनी शब्द दिला होता, धागेही काढून ठेवले होते. ऑपरेशननंतर हात कसा चालेल कोण जाणे, तेव्हा आधी कोट. पंधरा दिवस द्या, मामा डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

पंधराचे पन्नास झाले. दोन दिवसांचं काम, पण बोटं ऐकत नव्हती. धागा सुटायचा, मामा पुन्हा धरायचे. मामी चिडल्या, विनवण्या करून थकल्या. एके दिवशी त्यांनी कोट माळ्यावर लपवून ठेवला. मामा त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामींनीच तो मुकाट्याने काढून दिला. आपण तो का दिला, ही टोचणी त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही आणि जाणारही नाही.

कोट पूर्ण झाल्यावर मामा ऑपरेशनला गेले. गळ्याला पुढून बोटभर चीर देऊन सरकलेली गादी काढली. तीन तास मामी बाकावर बसून होत्या. शुद्धीवर येताच मामा बसक्या आवाजात म्हणाले, "कळ गेली गं!" मायलेकी रडतारडता हसल्या.

कळ गेली ती गेलीच. महिन्याभराने मानेचा पट्टाही निघाला. डॉक्टरीणबाईंनी बधिर बोटांशी कापूस नेऊन तीनदा विचारलं, "कळतंय?" मामांनी तिन्ही वेळा खिडकीकडे पाहत "हो" म्हटलं. त्यांतल्या दोन वेळा कापूस टेकलाच नव्हता. बाईंनी कापूस खाली ठेवला. "फार उशीर झाला हो," त्या म्हणाल्या.

दुकान उघडत राहिलं. मामा खुर्चीत ताठ बसायचे. आलेले कपडे मामी "सध्या गर्दी आहे" म्हणून परत पाठवायच्या. कसली गर्दी आणि काय!

मधल्या काळात बहिणीकडे राहायला गेलेल्या मास्तरीणबाई परतल्या आणि कोट न्यायला आल्या. दोन्ही बाह्या त्यांनी उजेडात धरल्या, उलटसुलट केल्या. "मामा, कुठे फाटला होता, तेच दिसत नाही! मला दाखवा तरी. मला तिथे हात ठेवायचाय."

मामांनी कोट मांडीवर घेतला. चांगलं रफू डोळ्यांना दिसत नाही, ते बोटालाच लागतं. जिथे वीण दुहेरी होते तिथे केसाएवढा उंचवटा असतो, आणि तो करणाऱ्यालाच सापडतो. त्यांनी अंगठा कोपरावरून वर नेला, खाली आणला. पुन्हा वर नेला. मग दुसरी बाही घेतली. मामींनी काउंटरची कड घट्ट धरली.

"नाही सापडत," मामा म्हणाले.

मास्तरीणबाईंचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी त्या मोकळेपणी हसल्या. "तुमचं तुम्हालासुद्धा सापडत नाही! धन्य आहे बाई तुमच्या हाताची!"

"हो ना," मामा म्हणाले, आणि कोटाची घडी घालायला तो मामींकडे दिला.