हातभर अंतरावरचा माणूस

कॅमेऱ्याचा पट्टा एकदा डोंग्यातल्या पाण्यात भिजला होता, त्याला अजून शेवाळाचा वास येतो, आणि कपाट उघडलं की नवेगाव बांधचा तलाव आठवतो. हिवाळ्याची सकाळ होती, पाण्यावरचं धुकं विरत आलं होतं आणि डोंग्यात आम्ही दोघंच होतो, मी आणि ती छोटी होडी वल्हवणारा मासेमार ढिवर. नव्या डीएसएलआरवर मी लांब पल्ल्याची जाडजूड लेन्स लावली होती. पलीकडच्या काठावरच्या बदकाच्या चोचीवरचा थेंबसुद्धा तिच्यात स्वच्छ दिसत होता. तासभर मी ढिवराकडे पाहिलंही नाही. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, माहा बी एक काढा ना." मी कॅमेरा वळवला, तर नुसता तपकिरी डाग. इतक्या जवळचं त्या लेन्सला दिसतच नाही. मी म्हणालो, "भाऊ, जरा मागे सरका." "मांगं कुठं सरकू? मांगं पाणी हाये," तो म्हणाला. "एवढा मोठा कॅमेरा, अन् मी काऊन नाही दिसून राहिलो त्याच्यात?" छोटी लेन्स पिशवीतच होती, पण बदलताना आत पाणी उडेल म्हणून मी म्हणालो, काठावर काढू. काठाला लागेपर्यंत बदकांचे फोटो बघण्यात मी विसरून गेलो. त्यानंही पुन्हा विचारलं नाही, डोंगा बांधला आणि निघून गेला. आता कॅमेऱ्याला छोटीच लेन्स लावलेली असते. पण घरात हातभर अंतरावर बसणारं कोणी उरलेलं नाही.