कपाटामागची जिवती

घर विकायचं तर त्यात कधी कुणी राहिलेलंच नाही असं दिसलं पाहिजे, असं दलालाचं म्हणणं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. जयपूरच्या जवाहर नगरातलं हे घर बाबांनी बँकेतून निवृत्त होता होता बांधलं. ते गेल्यावर आई वर्षभर तिथं एकटी राहिली, आणि आता माझ्याकडे नागपूरला यायला निघाली होती. सामान ट्रकने पुढे गेलं होतं. आम्ही मायलेकी भिंतींवरचे खिळे उपटत होतो आणि एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

देवघराचं लाकडी कपाट तेवढं राहिलं होतं. रंगारी भैयाने ते बाजूला ओढलं आणि मागे भिंतीला चिकटलेली जिवती दिसली. कागदाला कसर लागली होती. लेकुरवाळ्या देवींचं हे छापील चित्र श्रावणात लावायचं, शुक्रवारी पूजा करून मुलांना ओवाळायचं, त्यांच्यासाठी आयुष्य मागायचं. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. जयपुरात तो कागद मिळत नसे, मावशी पोस्टाने पाठवायची.

हा कागद भाऊ गेला त्या श्रावणातला. शुक्रवारी त्याने ओवाळून घेतलं, पुरणाचा घास उभ्याउभ्याच तोंडात टाकला आणि स्कूटरवरून जगतपुऱ्याला कॉलेजला निघाला. वाटेत ट्रकने उडवलं. त्यानंतर आईने जिवती लावली नाही आणि मलाही कधी ओवाळलं नाही. लग्न होऊन लांब गेले, तरी माझ्यासाठी चार अक्षता कुठल्या दिशेला पडल्या नाहीत. सासूबाई माझ्या टक्कल पडलेल्या नवऱ्याला पाटावर बसवून ओवाळायच्या, तेव्हा माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"माताजी, खुरच दूँ?" भैयाने खरवडायचा पत्रा उचलला.

"रुको भैया, मैं करती हूँ." आई ओलं फडकं घेऊन खाली बसली आणि कागद भिजवू लागली.

माझं डोकंच फिरलं. "त्याच्या वेळचा कागद इतकी वर्षं ठेवलास. आई, मी जिवंत होते ना गं? माझ्यासाठी एकदा तरी मागायचंस."

तिने वर पाहिलं नाही. "ज्याच्यासाठी मागितलं, तो संध्याकाळी घरी आला नाही. तुझ्यासाठी मागायची हिंमतच झाली नाही. म्हटलं, या जिवतीची नजरच तुझ्याकडे जायला नको. म्हणून तर कपाट पुढे ओढलं."

मी तिच्या शेजारी बसले. कागद तुकड्यातुकड्यांनी निघाला. मग भैयाने त्या जागेवर रंगाचे दोन हात दिले.

रविवारी नवरा-बायको घर बघायला आले. भिंती पसंत पडल्या. निघता निघता त्या बाईने सहज विचारलं, "माताजी, बच्चे कितने हैं आपके?"

"कोई नहीं जी," देवघराच्या भिंतीकडे एक नजर टाकून आई म्हणाली.

या वेळी मला राग आला नाही. मी मुकाट्याने आतल्या रिकाम्या खोलीत गेले, आणि ती माणसं जाईपर्यंत बाहेर आले नाही.