एकोणीस माणसांचा एक नंबर

तुमच्या मोबाइलवर दवाखान्याचा रिपोर्ट आला आणि वर नाव परक्या बाईचं असलं, तर तुम्ही तो उघडून वाचाल का? खरं सांगा. नागोरावांनी नाही उघडू दिला. सभ्य माणूस, म्हणून नाही उघडू दिला.

नागोराव मूळचे वाशीमकडचे. मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहता वाहता टोळीचे मुकादम झाले. टोळीत कुणाचं सिम बदलतं, कुणाचा फोन पाण्यात पडतो, म्हणून गावाकडचा सांगावासुद्धा नागोरावांच्याच मोबाइलवर. यार्डात आरोग्य कार्डाचं शिबिर लागलं तेव्हा टेबलावरच्या मुलीनं प्रत्येकाला नंबर विचारला आणि प्रत्येकानं एकच सांगितला, नागोरावांचा; टोळी त्यांना नाना म्हणते. "नानांचा लावा." एकोणीस माणसं, एक नंबर. मुलीनं मान वर केली नाही. दिवसभरात किती कार्डं काढली, ते वर कळवायचं होतं ना तिला!

नागोरावांची बायको मुक्ताई. कांदा निवडायला ती आणि गोदाबाई शेजारी शेजारी बसत; दोघींची कार्डंही त्या एकोणिसांतलीच. जूनमध्ये मुक्ताईच्या छातीत गाठ हाताला लागली. तिनं नवऱ्याला सांगितलं, हेच मोठं. दोघं सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीतल्या क्लार्कनं नंबर टाकला, पडद्यावर एकोणीस नावं उतरली, आणि त्याचं बोट पडलं गोदाबाईच्या नावावर. मुक्ताईला त्यानं काही विचारलं नाही. छातीत सुई घालून तपासणी झाली, ती गोदाबाईच्या खात्यात.

"कागद कधी मिळंन, साहेब?" नागोरावांनी विचारलं.

"कागद बंद झाले, काका. मोबाइलवर येईल. डोळे फाडून बघत बसायची गरज नाही, वाजतो तो."

दहाव्या दिवशी वाजला. नागोरावांना वाचता येत नाही, म्हणून गाळ्यावरच्या सौरभ दिवाणजीनं चष्मा सारखा करून वाचलं. "गोदाबाईंचा रिपोर्ट आलाय. उघडू?"

"नको, नको. परक्या बाईचं दुखणं आपण काहून पाहावं?"

गोदाबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गावी होती. तिचंही गुडघ्यासाठी त्याच दवाखान्यात जाणं-येणं होतं. नागोरावांनी आठवणीनं फोन लावला.

"गुडघ्याचाच असंन, भाऊ. आली म्हंजे पाहीन."

इकडे मुक्ताई रोज विचारायची, "अवो, आला का माहा कागद?"

"नाही आला. बरं असंन म्हणून नसंन आला."

तरी एकदा खिडकीवर जाऊन आले. या वेळी नागोरावांनी मुक्ताईचं नाव सांगितलं; त्या नावावर क्लार्कला एकही तपासणी दिसेना. "मेसेज आला नाही ना? म्हणजे रिपोर्ट झाला नाही. पुढचे या." पुढचे आले. हे दोघं घरी गेले.

गोदाबाई दिवाळीनंतर परतली आणि गुडघा दाखवायला गेली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर पाहिलं आणि त्या एकदम सावरून बसल्या. "मावशी, इतके दिवस कुठे होता? गाठ कशी आहे आता?"

"गाठ? माहा तं गुडघा दुखते, बाई."

डॉक्टरीणबाईंनी जूनमधली छातीची तपासणी वाचून दाखवली; त्या दिवसांत दवाखान्यात गेली होती ती मुक्ताई, हे आठवलं आणि मग तिला समजलं. दुखरा गुडघा ओढत ती गाळ्यापर्यंत आली. "भाऊ, तो कागद मुक्ताचा होता वो."

जूनमध्ये कॅन्सरची गाठ एका जागी होती. नोव्हेंबरात हाडांत पोचली होती. नागोरावांनी बायकोपाशी सगळं कबूल केलं. "माह्या हातात होता तो. म्या उघडू देला नाही."

मुक्ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "उघडला असता तं मीच भांडली असती ना तुमच्याशी."

फेब्रुवारीत ती गेली. गोदाबाई मातीला आली, पण नागोरावांच्या समोर उभी राहिली नाही. आता ती कांदा निवडायला दुसऱ्या गाळ्यावर बसते.

कॉम्प्युटर खोटं बोलला नाही, हे मीही मान्य करतो. दिलेल्या नावावर त्यानं रिपोर्ट इमानानं लावला. "मावशी, नाव काय तुमचं?" एवढं विचारायचं काम माणसाचं होतं, आणि तेवढ्यासाठी त्या माणसाकडे वेळ नव्हता.

मुक्ताईचे दिवस झाल्यावर नागोराव त्याच खिडकीवर गेले. "एकोणीस जणांचे नंबर येगळे करून द्या."

"ज्याला त्याला स्वतः यावं लागेल. ओटीपी लागतो."

"तो कुठं येते?"

"तुमच्याच मोबाइलवर."

आता टोळीतलं कुणीही दवाखान्यात निघालं की नागोराव अर्ध्या दिवसाचं काम सोडून बरोबर जातात. स्वतःला वाचता येत नाही. क्लार्कला म्हणतात, "साहेब, नाव मोठ्यानं वाचा." क्लार्क वैतागतो, मागची रांग ओरडते. "अहो काका, आम्हालाही कामं आहेत!" नागोराव हलत नाहीत. पण एकटा माणूस किती खिडक्यांवर उभा राहणार?

तुम्हाला वाचता येतं. सरकारी दवाखान्यात तुमच्या पुढची बाई खिडकीशी गोंधळलेली दिसली, तर मागून ओरडू नका. पुढं व्हा, पडद्यावरचं नाव तिला वाचून दाखवा, आणि ती "हो, मीच" म्हणेपर्यंत त्या क्लार्कला पुढचं बटण दाबू देऊ नका.